आधी निदान, मग पाना



जुनी मोटारगाडी सकाळी सुरू झाली नाही की सल्ले देणाऱ्यांची वाण पडत नाही. एक म्हणतो बॅटरी गेली, दुसरा म्हणतो प्लग बदला, तिसऱ्याला पेट्रोलमध्ये कचरा दिसतो. तिन्ही गोष्टी केल्या जातात. गाडी सुरू झालीच तर नेमकी कशामुळे झाली, हे कोणालाच सांगता येत नाही. माझ्या मते ही दुरुस्ती नव्हे, हा जुगार होय. दोष शोधणे ही विज्ञानाची रीत आहे, आणि ती शिकायला जुन्या इंजिनाइतके चांगले साधन क्वचितच मिळेल.

कुर्ल्याच्या कारखान्यात पूर्वी तयार होणारी फियाट, म्हणजेच १९७४ पासूनची प्रीमिअर पद्मिनी, हे त्याचे उत्तम उदाहरण. मुंबईच्या टॅक्सींतून ती २०२३ साली बाद झाली. परंतु हौशी मालकांनी जपलेल्या गाड्या अजून आहेत. तिच्या १०८९ घनसेंटिमीटरच्या इंजिनात डोळ्यांना न दिसणारे असे फारसे काही नाही. कोणत्याही पेट्रोल इंजिनाला तीन गोष्टी लागतात : हवा व पेट्रोल यांचे योग्य मिश्रण (वजनाने सुमारे पंधरास एक), त्या मिश्रणावर पुरेसा दाब आणि नेमक्या वेळी ठिणगी. त्याआधी स्टार्टरने इंजिन फिरवले पाहिजे. म्हणून पहिला प्रश्न असा : किल्ली फिरवल्यावर इंजिन फिरते का? फिरत असेल तर पेट्रोल आणि ठिणगी तपासा. फिरत नसेल तर वीजपुरवठा. एका प्रश्नाने निम्मे संशयित सुटतात.

आता एक कोडे पाहा. हॉर्न वाजतो, दिवे लागतात. पण किल्ली फिरवताच नुसता ‘टक्’ आवाज येतो. बॅटरी खराब आहे काय? थांबा, ओहमचा नियम आठवा. बॅटरीच्या टोकावर पांढरट-हिरवा क्षार साचून तेथे ०·०५ ओहम रोध निर्माण झाला आहे असे समजू. दिव्यांना सुमारे १० अँपियर प्रवाह लागतो. तेव्हा या रोधापायी वाया जातो अवघा अर्धा व्होल्ट. परंतु स्टार्टरसाठी १०० अँपियर वाहू लागले की तेथेच ५ व्होल्ट खर्च होतात. बारापैकी उरले सात. मोटर फिरणार कशी? व्होल्टमीटरची एक तार बॅटरीच्या शिशाच्या टोकाला व दुसरी त्यावरच्या क्लॅम्पला लावा, आणि कोणाला तरी किल्ली फिरवायला सांगा. काटा शून्याजवळ राहिला तर तो जोड निर्दोष. चांगलाच हलला, तर नव्या बॅटरीऐवजी पॉलिशपेपर पुरे!

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाट चढताना फियाटवाले पेट्रोलपंपावर ओला फडका टाकत, ते उगीच नव्हे. उष्णतेने नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. पंप ती वाफ नुसती दाबत बसतो आणि पेट्रोल पुढे सरकत नाही. फडक्यातले एक ग्रॅम पाणी उडून जाताना दोन हजार ज्यूलहून अधिक उष्णता घेऊन जाते. हा उपाय तर आहेच. शिवाय ती चाचणीही आहे. पंप निवताच गाडी चालू झाली, तर वाफेवरचा संशय बळावला. नाही झाली, तर दुसरीकडे शोधा.

चुकीच्या घाईची किंमत आपल्या भागात पावसाळ्यात कळते. २६ जुलै २००५ रोजी आणि पुन्हा २०१९ च्या जुलैत उल्हास नदीचे पाणी बदलापूरच्या वस्तीत शिरले. पाण्यात बुडालेली गाडी ‘बघू तरी’ म्हणून सुरू करणे हा सर्वांत महाग प्रयोग होय. हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना दट्ट्या वर आला, तर त्याचा दांडा वाकतो. म्हणून किल्लीला हात न लावता आधी एअर फिल्टर ओला आहे का आणि पट्टीवरचे ऑइल दुधाळ झाले आहे का, ते पाहा. दोहोंपैकी एकही खूण दिसली, तर गाडी ओढूनच गॅरेजमध्ये न्या.

कोणी म्हणेल, आता गाडीतला संगणकच दोष सांगतो. मग हे कशाला? संगणक कोणते माप बिघडले ते सांगतो. का बिघडले ते नव्हे. ‘मिश्रणात पेट्रोल कमी’ असा संकेत आला, तर पंप अशक्त आहे की कोठून हवा शिरते आहे, हे माणसालाच ठरवावे लागते.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे. अंबरनाथ आणि उल्हासनगर येथे आयटीआय आहेत, तिन्ही शहरांत कुशल मेकॅनिक आहेत. वर्षातून एकदा त्यांना शाळेत बोलवा. एक जुने इंजिन अंगणात मांडा आणि मुलांना वहीत चार रकाने आखू द्या : लक्षण, संशय, चाचणी, निष्कर्ष. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम ठेवा.

विद्यार्थ्यांनो, हे सारे मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली, गिअर न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढूनच करा. इंजिन बंद खोलीत चालवू नका. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नका, आणि पेट्रोलजवळ ठिणगी पाडू नका. एवढे सांभाळले, तर बंद पडलेली गाडी तुम्हाला पुष्कळ काही शिकवील.