काळे नाहीत, काळेभोर हजर

गावाचे नाव तिगाव की तिगांव? मराठीत टिंब देत नाहीत, हिंदी कागदावर ते हटकून येते. शेजारच्या सौसरचेही तसेच. तिकडे त्याचे सौंसर होते. २०२३ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यातून निघून पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला, पण दप्तर हिंदी आणि घरातली भाषा मराठी, हे काही बदलले नाही. काळ्यांचे तर काले होतात, कारण हिंदीच्या रोजच्या वर्णमालेत ळ नाही.

एकाच नावाची अशी दोन रूपे असलेल्या याद्या चाळायला रेग्युलर एक्स्प्रेशनसारखे हत्यार नाही. नेमका शब्द द्यायचा नाही, शब्दाचा साचा द्यायचा. तिगां?व असे लिहिले की ते प्रश्नचिन्ह फक्त अनुस्वाराला लागते: असला तर असो, नसला तरी चालेल. का(ळे|ले) म्हटले की दोन्ही आडनावे हाती येतात. केन थॉम्पसनने मजकुरात असे साचे शोधायची रीत १९६८ मध्येच प्रसिद्ध केली होती. टिंबासाठी माणसाला खिडकीखिडकीवर खेटे घालायला लावण्यापेक्षा हे बरे.

मेख पुढेच आहे. काळे शोधताना काळेभोरही येतात. ते नकोत म्हणून साच्याच्या दोन्ही टोकांना शब्दाची हद्द घालावी, तर पायथॉन या संगणकभाषेच्या अंगभूत सोयीत उलटेच घडते. काळे गायब, काळेभोर हजर! तिगाव सापडते, सौसर सापडते. खुद्द जिल्ह्याचे पांढुर्णा सापडत नाही.

आपल्या लेखी तिगाव तीन अक्षरांचे. संगणकाला त्यात पाच चिन्हे दिसतात: त, वेलांटी, ग, काना, व. यातली वेलांटी आणि काना ती सोय शब्दाचा भागच मानत नाही. तिच्या हिशेबी पांढुर्णा हा शब्द ण वरच संपतो, आणि पुढचा काना विरामचिन्हांच्या पंगतीत जाऊन बसतो. काळेभोरमध्ये मात्रेनंतर भ आला की तिला वाटते, इथे नवा शब्द सुरू झाला.

देवनागरी किचकट आहे, ही सबब इथे चालत नाही. अशी चिन्हे शब्दातच धरावीत, हे युनिकोडच्या रेग्युलर एक्स्प्रेशनवरच्या नियमावलीत लिहिलेले आहे. तसे होत नसल्याची रीतसर तक्रारही पायथॉनकडे २०११ मध्ये नोंदवली गेली. पायथॉनसाठीच निराळे मिळणारे रेजेक्स नावाचे मॉड्यूल काना-मात्रेला शब्दात घेते. देवनागरी याद्यांवर काम करणाऱ्याने आधी तेच बसवून घ्यावे, आणि चाचणीला पहिला शब्द पांढुर्णा द्यावा. तिगाव देऊन पाहिले तर सगळे ठीकच दिसेल.