बालीचें काय घ्यावें?

आमच्या जिल्ह्यांतील सुशिक्षितांच्या बैठकींत अलीकडे बाली बेटाचें नांव वारंवार निघूं लागलें आहे. आठ दिवसांची सहल करून आलेला गृहस्थ प्रथम तेथील देवळांचीं छायाचित्रें दाखवितो, मग स्पा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मर्दनगृहांतील सुखाचें वर्णन करितो, नंतर नौका, पोहणें व समुद्रकांठच्या मेजवान्या यांवर येतो, आणि शेवटीं सुस्कारा टाकून म्हणतो, "गोसेखुर्दचें एवढें पाणी आपल्याकडे पडलें आहे, मनांत आणलें तर वैनगंगेच्या कांठीं बाली कां होऊं नये?" हा प्रश्न आतां बैठकीपुरता राहिलेला नाहीं. धरणाच्या फुगवट्यावर जलपर्यटनाच्या योजना शासनानेंच आखल्या आहेत. आंभोऱ्यास तारांनीं तोललेला भव्य पूल उभा राहून त्यावर प्रेक्षकांसाठीं उंच सज्जाहि झाला आहे. तेव्हां या प्रश्नाचें उत्तर थट्टेवारी न नेतां देणें आम्हांस अवश्य वाटतें. तें उत्तर असें कीं, बाली अवश्य घ्यावी. मात्र तिचें काय घ्यावें व काय टाकावें, हें आधीं ठरलें पाहिजे.

बाली हें मुळांत भाताचें बेट आहे, स्पाचें नव्हे. तेथें डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांनीं रचलेल्या शेतांस पाणी पोंचविण्याची एक संस्था आहे. तिचें नांव सुबक. मराठी वाचकास हें नांव आयतेंच गोड वाटेल, आणि वस्तुहि नांवास साजेशीच आहे. एका पाटावर भिजणाऱ्या सर्व शेतकऱ्यांचा मिळून एक सुबक होतो. पाणी कोणास केव्हां सोडावें, रोवणी कोणत्या दिवसांत उरकावी, जमीन केव्हां पडीत ठेवावी, हें त्याचे सभासद जलदेवतेच्या देवळांत बसून ठरवितात. त्यांची धान्यदेवता ती देवी श्री. त्यांच्या धर्मास पूर्वीं आगम तीर्थ, म्हणजे तीर्थोदकाचा धर्म, असेंच म्हणत. संस्थेचा उल्लेख अकराव्या शतकांतील लेखांत सांपडतो, आणि २०१२ सालीं युनेस्कोनें सुबकांचा प्रदेश जागतिक वारशांत घेतला. सारांश, आमचा प्रवासी ज्या देवळाकडे पाठ करून छायाचित्र काढवितो, त्या देवळाचें एक काम पाण्याची न्याय्य वांटणी करणें हें आहे.

हें काम किती खरें आहे, याचा प्रत्यय मोठी किंमत देऊन आला. १९७० नंतरच्या दशकांत नव्या बियाण्याच्या भरांत तेथील शेतकऱ्यांस सांगण्यांत आलें कीं, देवळाचें वेळापत्रक सोडा आणि जमेल तितक्या वेळां पीक घ्या. शेतें कधींच एकदम मोकळीं राहीनात, म्हणून किडीस बारमाही अन्न मिळालें व पिकें बुडालीं. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लॅन्सिंग यांनीं १९९१ सालच्या आपल्या ग्रंथांत हा इतिहास मांडून जुन्या वेळापत्रकाचें शहाणपण सिद्ध केलें आहे.

आतां दुसरी बाली पाहा. १९०६ व १९०८ सालीं डच तोफांपुढें तेथील राजकुलांनीं शरण न जातां सहपरिवार मरण पत्करिलें. तोच कलंक झांकण्यासाठीं डच सरकारनें पुढें "कलेचें नंदनवन" म्हणून त्या बेटाची जाहिरात आरंभिली. १९७१ सालीं परदेशी सल्लागारांनीं पर्यटनाचा आराखडा केला आणि नुसा दुआ येथें धनिक पाहुण्यांसाठीं स्वतंत्र वसाहत वसली. २०१९ सालीं साठ लाखांहून अधिक परदेशी प्रवासी तेथें उतरले. बेटाची स्वतःची वस्ती सुमारे त्रेचाळीस लाख. पुढच्याच वर्षीं महामारी आली, विमानें थांबलीं, आणि वर्षभरांत बेटाचें उत्पन्न नऊ टक्क्यांहून अधिक घटलें. हॉटेलांत चादरी घडी करणारे कित्येक हात पुन्हां शेताकडे वळले. ज्यांनीं शेत विकलें होतें त्यांनीं कोठें वळावें? शेवटीं २०२४ च्या फेब्रुवारीपासून प्रत्येक परदेशी पाहुण्यावर दीड लाख रुपिया कर बसविण्यांत आला. कारण काय, तर बेटाची संस्कृति व निसर्ग यांचें रक्षण! ज्या धंद्यानें संस्कृति विकावयास काढली, त्याच धंद्यावर ती राखण्याचा खर्च बसवावा लागला.

भंडाऱ्यास या दोहोंतील पहिली बाली परकी नाहीं. बालीच्या डोंगरांत जें सुबकांनीं केलें, तेंच झाडीमुलखाच्या उतारांवर आमच्या कोहळ्यांनीं केलें. गोंड राजांच्या आश्रयानें त्यांनीं दोन टेंकड्यांच्या मध्यें पाळ घालून पावसाचें पाणी अडविलें व खालच्या बांध्यांत धान पिकविलें. मोठ्यास तलाव, लहानास बोडी. भंडारा हा तलावांचा जिल्हा म्हणून ख्यातीस आला तो या अशिक्षित म्हणविल्या जाणाऱ्या स्थापत्यज्ञांमुळें. १९९९ पर्यंत आमच्याच जिल्ह्यांत असलेला, आतां गोंदियांत गेलेला नवेगांवबांध हा कोलू पाटील कोहळ्यानें बांधला असें परंपरा सांगते. लोकांनीं त्याला कोलासुर देव करून तलावाजवळच बसविलें, आणि सभोंवतींच्या सात डोंगरशिखरांस पाळ बांधण्यास साह्य करणाऱ्या सात बहिणी मानिलें. बांधणाऱ्याला देव करणारी व पाण्याला देऊळ देणारी संस्कृति पाहण्यास आमच्या गृहस्थांस समुद्र ओलांडावा लागला, ही त्यांची हौस असेल, गरज नव्हती.

मग या तलावांचें झालें काय? १९५० च्या कायद्यानें मालगुजारी संपली. ती संपली हें योग्यच झालें; मालगुजाराच्या जुलमाचें समर्थन आम्हीं करणार नाहीं. परंतु जुलमाबरोबर जबाबदारीहि वाहून गेली. तलाव सरकारजमा झाले. पाणी कोणी सोडावें व गाळ कोणी काढावा, ही गांवानें गांवापुरती लावलेली व्यवस्था मोडली आणि तिच्या जागीं कचेरींतला अर्ज आला. त्यांचें सरकारी नांवच मुळीं "माजी मालगुजारी तलाव" असें आहे. जमीनदारी माजी झाली हें समजतें. तलाव माजी कसा होतो? पण नांवाप्रमाणें घडूं लागलें आहे. गाळ सांचतो, बेशरमाचीं झुडुपें माजतात, कडेनें अतिक्रमण येतें, आणि पाळ फुटली म्हणजे पाहणी होते.

गोसेखुर्दची कथा याच्या पुढची. १९८८ सालीं राजीव गांधींच्या हस्तें त्याचा पाया घातला गेला. सुमारें अडीच लाख हेक्टर जमीन भिजविण्याचें वचन होतें. पुढें पस्तीस वर्षें उलटल्यावरहि कालव्यांचीं कामें चालूच होतीं. पाण्याखालीं गेलेल्या गांवांतील माणसांस मात्र उठावें लागलें. अशा पाण्यावर पहिला हक्क कोणाचा? ज्याचें शेत त्याच्या तळाशीं आहे त्याचा, आणि त्यांत जाळें टाकून जगणाऱ्या ढिवराचा, कीं शनिवार-रविवारीं नौकाविहारास येणाऱ्याचा? आणि ज्या पाण्याच्या कांठीं आरोग्यस्नानाचीं मंदिरें उभारावयाचीं, त्या पाण्यांत नागपूरचें सांडपाणी नाग नदीवाटे कन्हानेंत व कन्हानेवाटे वैनगंगेंत येऊन मिळतें, हें जिल्ह्यांतील शाळकरी पोरासहि ठाऊक आहे. जलपर्णीनें हिरवें झालेलें पात्र समोर ठेवून आंत सुगंधी तेलाचें मर्दन घेणें यास विश्रांति म्हणावें कीं विस्मरण?

आम्हांस विचारण्यांत येईल कीं, तुम्ही महाविद्यालयांत वेतन घेऊन बसणारे. बेकार पोरांस चार रोजगार मिळाले तर तुमचें काय जातें? आक्षेप रास्त आहे. धानाच्या हंगामानंतर आमचीं पोरें कामासाठीं परमुलखांत जातात, हें दुःख आम्ही रोज पाहतों, आणि रोजगारास आमचा विरोध नाहीं. परंतु रोजगार मालकाचा कीं चाकराचा, हें विचारण्याचा अधिकार त्या पोरांसहि आहे. नौका ढिवरांच्या सहकारी संस्थांच्या मालकीच्या असाव्या. पाहुण्यांच्या निवासाची जागा व उत्पन्न यांत प्रथम वांटा विस्थापितांस मिळावा. आणि तलाव उपसण्याचें काम, ज्यांत हजारों हातांस मजुरी व पुढें शेतास पाणी आहे, तें अगोदर व्हावें. या अटी मान्य असतील तर आम्ही स्वतः पहिल्या नौकेंत बसूं.

करमणुकीचा तर आम्हांस तिटकारा मुळींच नाहीं. दिवाळीनंतर गांवोगांव मंडई भरते, दंडार होते, झाडीपट्टीचें नाटक रात्र सरेपर्यंत चालतें व हजारों माणसें थंडींत घोंगड्या पांघरून तें पाहतात. ही करमणूक गांवची आहे, गांवासाठीं आहे. नव्या योजनांत तिला स्थान मिळालें तर तें पाहुण्यांच्या जेवणापुढें दहा मिनिटें नाचण्याचें असेल, अशी आमची भीति आहे; बालींत देवळांतील नृत्यांचे तसे आंखूड प्रयोग रोज संध्याकाळीं होतात.

आणि देवळें? आंभोऱ्यास पांच नद्यांच्या संगमावर चैतन्येश्वर आहे. मुकुंदराजांनीं विवेकसिंधु तेथें रचिला अशी आमच्या भागाची श्रद्धा आहे, जरी अंबेजोगाईकर तें मान्य करीत नाहींत. पवनीस वैजेश्वराचा घाट आहे, आणि जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननांत प्राचीन बौद्ध स्तूप उजेडांत आला. हीं स्थळें पाहण्यास जगानें यावें. परंतु ज्या घाटावर पर्वणीस स्नान करणाऱ्या म्हातारीला पाण्यांत पाय घालण्यास किळस वाटते, त्या घाटाचें छायाचित्र किती सुंदर निघतें, ही चौकशी आम्हांस लाजिरवाणी वाटते. प्रथम तिचें स्नान होऊं द्या. नदी तिला चालण्याजोगी झाली, म्हणजे पाहुण्यासहि चालेल. उलट क्रमानें तें कधींच होणार नाहीं.