परदेशी नावाची गाडी घेताना

घरात मोटार घ्यायची ठरली की एक वाक्य हमखास कानावर येतं, "घ्यायची तर इंपोर्टेडच घ्या, इथल्या मालात ती मजा नाही." असं म्हणणाऱ्याला आधी विचारावं, ती गाडी खरोखरच बोटीतून आली आहे, की तिचं नाव तेवढं परदेशी आहे? मर्सिडीज १९९५ पासून पुण्याजवळ तयार होते. मुंबईची टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावलेली 'पद्मिनी' मूळची इटलीच्या फियाटची, पण तयार व्हायची ती कुर्ल्यात!

परदेशी गाडी आपल्याकडे तीन तऱ्हांनी मिळते. मोदकांचंच बघा ना. कुणी तयार विकत आणतं, कुणी सारण विकत आणून घरी उकड काढतं, तर कुणी नारळ खवण्यापासून सगळं घरीच करतं. तसंच काही गाड्या पूर्ण तयार येतात, काहींचे सुटे भाग येऊन इथे जोडले जातात आणि काहींचे बहुतेक भाग इथेच बनतात.

किमतीतला मोठा फरक आयात-करामुळे पडतो. २०१३ च्या अर्थसंकल्पात तयार येणाऱ्या महागड्या गाड्यांवरचा कर ७५ वरून १०० टक्के झाला होता. सुट्या भागांवर तो बराच कमी असे. रेंज रोव्हर पूर्वी इंग्लंडहून तयार यायची. ती पुण्यात जोडणार असं मे २०२४ मध्ये जाहीर झालं, तेव्हा किंमत १८ ते २२ टक्क्यांनी उतरेल असं कंपनीनंच सांगितलं. म्हणजे तेवढी रक्कम गाडीच्या गुणांची नव्हती!

मात्र 'नाव तेच, म्हणजे गाडीही तीच' असंही समजू नका. २०१४ साली ग्लोबल एनकॅप या संस्थेनं भारतात बनलेल्या फोक्सवॅगन पोलोची टक्कर-चाचणी घेतली. एअरबॅग नसलेल्या गाडीला मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे मिळाले. दोन एअरबॅग असलेल्या त्याच पोलोला चार! कारखाना तोच, नावही तेच. फरक आत काय बसवलंय याचा. मुलंबाळं ज्या गाडीत बसणार, तिच्याबाबत हे आधी विचारायला नको का?

तेव्हा पैसे मोजण्यापूर्वी एवढं विचारून घ्या:

१. गाडी तयार आली आहे, की इथे जोडली किंवा बनवली आहे?

२. काच, दिवा, बंपर, ब्रेकचे भाग यांची किंमत काय? ते इथे मिळतात, की मागवून वाट पाहावी लागते? जुनी इंपोर्टेड गाडी स्वस्तात मिळत असेल, तर हे दोनदा विचारा.

३. आपण घेतोय त्याच नमुन्याला टक्कर-चाचणीत किती तारे आहेत? ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे 'भारत एनकॅप' ही चाचणीही सुरू झाली आहे.

उत्तरं कागदावर लिहून घ्या आणि मगच सही करा. शोरूममध्ये हे विचारायला मुळीच संकोचू नका. भाजी घेताना आपण जुडी उलटून बघतोच की! इथे तर वर्षानुवर्षांची शिल्लक जाणार असते.