विश्लेषण : शिकागोचा चौक दिसतो, जालन्याची गल्ली का दिसत नाही?

जालन्यात रात्री कुठे घरफोडी झाली, की सकाळचा चहा व्हायच्या आत ती मोबाईलवर पोहोचते. कुणाच्या तरी कॅमेऱ्यातली तोंड बांधलेली दोन पोरे, खाली 'सावध राहा, पुढे पाठवा'. दुपारपर्यंत तीच चित्रफीत अंबडची म्हणून फिरते, संध्याकाळी परतूरची म्हणून. मग गटागटांत चर्चा सुरू होते, की जिल्ह्यात गुन्हेगारी किती वाढली आणि पोलीस करतात तरी काय. कुणी जुन्या बातमीतला एखादा आकडा टाकतो आणि वाद आणखी चिघळतो.

त्या आकड्यावरून 'आपली वस्ती किती सुरक्षित' हे ठरवता येते का? फारच थोडे. कारण गुन्ह्यांचा आकडा मुळात गुन्हे मोजतच नाही. पोलीस ठाण्यात जे लिहून घेतले गेले, तेवढेच तो मोजतो. गल्लीत घडलेले आणि ठाण्यात लिहिलेले यांतले अंतर जालन्यासारख्या जिल्ह्यात बरेच मोठे आहे.

गुन्हेदर म्हणजे नेमके काय?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, दरवर्षी देशभरातील नोंदी एकत्र करून अहवाल काढतो. त्यातला 'गुन्हेदर' म्हणजे दर एक लाख लोकसंख्येमागे नोंदलेले गुन्हे. वीस लाखांहून अधिक लोकवस्तीच्या महानगरांची माहिती त्यात वेगळी मिळते. महाराष्ट्रातून मुंबई, पुणे आणि नागपूर. २०२३ मध्ये महापालिका झालेले जालना त्या यादीत बसत नाही. त्यामुळे शहराचा आकडा जिल्ह्याच्या आकड्यात विरघळतो. भोकरदनची शेतवस्ती, मंठ्याचा बाजार आणि जालन्याची औद्योगिक वसाहत, सगळ्यांची मिळून एकच सरासरी निघते.

भागाकारातला छेदही जुनाच आहे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १९ लाख ५९ हजार होती आणि जालना शहराची सुमारे २ लाख ८५ हजार. त्यानंतर सगळा कारभार अंदाजावर चालला आहे. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. स्टील कारखान्यांत बिहार आणि उत्तर प्रदेशातून आलेले मजूर या अंदाजात किती धरले जातात आणि ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची कुलूपबंद घरे कुणाच्या हिशेबात येतात, हे प्रश्न तसेच राहतात.

लहान शहराच्या बाबतीत आकडे उड्याही मारतात. समजा, पावणेतीन-तीन लाखांच्या शहरात एका वर्षी चार खून झाले आणि पुढच्या वर्षी सात. 'खुनांत ७५ टक्के वाढ' असा मथळा तयार झाला आणि तो खोटाही नाही. मात्र वाढ तीन घटनांची आहे. त्यातल्या दोन एकाच भाऊबंदकीतल्या असतील, तर तिसऱ्या गल्लीतल्या माणसाचा धोका कणभरही वाढलेला नसतो.

आकडा जन्मतो कुठे?

ठाणे अंमलदाराच्या टेबलावर. बसस्थानकाच्या गर्दीत खिशातून मोबाईल गेला, असे सांगायला माणूस येतो. बऱ्याचदा त्याला 'गहाळ झाला असे लिहून द्या' म्हटले जाते. तोही लिहून देतो, कारण त्याला सिमकार्ड परत हवे असते. चोरी झालेली असते आणि कागदावर मात्र हरवल्याची नोंद राहते. गुन्हेदरात ती कुठेच उमटत नाही. दूरसंचार खात्याच्या सीईआयआर यंत्रणेमुळे असे फोन बंद करता येतात आणि शोधताही येतात. शोधलेले फोन पोलीस समारंभपूर्वक परत करतात, तेव्हा मालकांचे चेहरे खरोखर फुललेले असतात. पण त्यातले किती फोन चोरीला गेले होते आणि ते कोणत्या चौकातून गेले, हे त्या समारंभात कुणी सांगत नाही.

दुसरी वाट 'एनसी'ची, म्हणजे अदखलपात्र नोंदीची. त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले आणि ही वाट थोडी रुंद झाली. पहिल्यांदाच चोरीत सापडलेल्याने पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची वस्तू परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा द्यावी, अशी तरतूद भारतीय न्याय संहितेत आहे. अशी चोरी सोबतच्या कायद्याच्या परिशिष्टात अदखलपात्र धरली आहे. हेतू चांगला आहे. पोटासाठी हात मारणाऱ्या पोराला तुरुंगात सडवून काही साधत नाही. पण मजुराची सायकल, साधा फोन, पाण्याची मोटर यांची किंमत त्या रेषेच्या आसपासच असते. किंमत लावणारा हात टेबलापलीकडचा असतो.

आता दुचाकी चोरीचे पाहा. विम्याचे पैसे मिळवायचे तर प्रथम खबर अहवाल लागतोच. त्यामुळे मालक हटून बसतो आणि गुन्हा दाखल होतो. जिल्ह्याच्या नोंदींत सर्वांत भरवशाचा आकडा कोणता विचारले, तर खुनानंतर वाहनचोरीचे नाव घ्यावे लागेल. याउलट घनसावंगीच्या शेतकऱ्याची विहिरीवरची केबल कापून नेली, ठिबकच्या नळ्या नेल्या किंवा मोसंबीचा तोडा रातोरात झाला, तर विमा नाही, पावती नाही आणि ठाणे वीस किलोमीटरवर. एक दिवसाची मजुरी घालवून कोण जाणार? चंदनझिऱ्याकडे खोली घेऊन राहणारा परप्रांतीय कामगार पगाराच्या दिवशी लुटला गेला, तरी बोलत नाही. त्याला ठाण्याची पायरी चोरापेक्षा अवघड वाटते.

अमेरिकेतही लोक सगळे पोलिसांना सांगत नाहीत. तिथे १९७३ पासून सरकार घरोघरी जाऊन 'गेल्या काही महिन्यांत तुमच्यावर गुन्हा घडला का' असे थेट विचारते. मालमत्तेच्या निम्म्याहून अधिक गुन्ह्यांची खबर पोलिसांपर्यंत जातच नाही, असे त्या पाहणीत वर्षानुवर्षे दिसते. भारतात अशी नियमित राष्ट्रीय पाहणी होत नाही. त्यामुळे इथे न सांगितलेले किती, याचा अंदाज बांधायलाही आधार नाही.

आकडा वाढला म्हणजे पोलीस हरले?

असे मानण्याची सवयच गोत्यात आणते. केरळचा एकूण गुन्हेदर देशात वरच्या क्रमांकांत असतो, तरी तिथे खुनाचे प्रमाण राष्ट्रीय सरासरीपेक्षा कमी आहे. खून सहसा लपत नाही. बाकीचे गुन्हे तिथे लिहून घेतले जातात. गुन्ह्यांची वाढ आणि नोंदणीची वाढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे एनसीआरबीचा अहवालही बजावतो. पण अहवालाच्या सुरुवातीची पाने वाचतो कोण?

जालना जिल्ह्यात याचे ठळक उदाहरण वाळूचे आहे. अंबड, घनसावंगी, परतूर या तालुक्यांच्या दक्षिणेला गोदावरी. वाळूचे ट्रॅक्टर आणि हायवा रात्रभर धावतात, हे काठावरच्या शाळकरी पोरालाही माहीत असते. पथकाने गाड्या पकडल्या, की चोरीचे गुन्हे वाढतात. पथक झोपले, की कमी होतात. गुटखा, मटका, अवैध दारूचेही तसेच. म्हणजे या प्रकारांत शून्य आकडा दिसला, तर आनंदापेक्षा संशय घ्यावा.

तरीही 'गेल्या वर्षीपेक्षा गुन्हे कमी' हे वाक्य वरिष्ठांच्या आढाव्यात आणि राजकीय भाषणात अजून कौतुकाचे ठरते. ज्या अधिकाऱ्याने प्रत्येक तक्रार नोंदवायला लावली, त्याच्या हद्दीत गुन्हेगारी 'वाढते'. ज्याने एनसीवर भागवले, त्याची हद्द 'शांत' राहते. हे मोजमाप प्रामाणिक ठाणेदाराला शिक्षा देते. ते बदलल्याशिवाय बाकीच्या सुधारणा कागदावरच राहतील.

शिकागोत काय वेगळे आहे?

शिकागो हे नाव गुन्हेगारीच्या चर्चेत हमखास निघते. सुमारे २७ लाख वस्तीच्या या शहरात २०२३ मध्ये सहाशेहून अधिक खून झाले, म्हणजे लाखामागे बावीसच्या आसपास. भारताचा २०२२ चा आकडा लाखामागे २.१ होता. बंदुका हे त्याचे मोठे कारण, आणि त्या बाबतीत जालनेकरांनी शिकागोकडून काही घेण्यासारखे नाही.

घेण्यासारखे वेगळेच आहे. नोंदलेला प्रत्येक गुन्हा, २००१ पासूनचा, त्या शहराच्या खुल्या संकेतस्थळावर आहे. तारीख, प्रकार, अटक झाली की नाही, आणि घर क्रमांक झाकून रस्त्याच्या तुकड्यापर्यंतचा पत्ता. फक्त शेवटचे सात दिवस वगळलेले असतात. त्यामुळे तिथल्या माणसाला 'शिकागो धोकादायक' या वाक्याच्या पुढे जाता येते. शहर ७७ विभागांत मोजले जाते. दक्षिण आणि पश्चिमेकडच्या मोजक्या विभागांत रक्तपाताचा मोठा वाटा एकवटतो, तर काही विभागांत वर्षभर एकही खून होत नाही. एकच शहर, पण दोन मुलांचे आयुष्य कोणत्या रस्त्यावर घर आहे त्यावरून वेगळे.

जालन्यात बसलेला माणूस मोबाईलवर शिकागोच्या चौकातली गेल्या महिन्यातली लूट शोधू शकतो. मामा चौक ते गांधी चमन या पट्ट्यात गेल्या वर्षी किती पाकिटे गेली, हे मात्र त्याला कळत नाही. माहिती नाही असे नाही. सदर बाजार, कदीम जालना, चंदनझिरा, तालुका ही ठाणी संगणकाने जोडलेली आहेत. ११२ वर आलेल्या कॉलची जागाही नोंदलेली असते. ही माहिती आत आहे, बाहेर येत नाही.

मग पोकळी कशाने भरते?

अफवेने. २०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यातली अनेक गावे ड्रोनच्या धास्तीने रात्र रात्र जागली. आधी ड्रोन येतो, मग चोर येतात, असा समज पसरला. काठ्या घेऊन गस्ती निघाल्या. त्यात कुणी परका माणूस रात्री रस्ता चुकला असता तर? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात हेच घडले होते. मुले पळवणारे समजून जमावाने भिक्षेसाठी फिरणाऱ्या पाच जणांना ठेचून मारले.

भीती आणि धोका यांचे पत्तेही वेगवेगळे असतात. महिलांवरील गुन्ह्यांत देशभर सर्वांत मोठा गट पती आणि सासरच्यांच्या छळाचा आहे. बलात्काराच्या ९० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीतला निघतो. म्हणजे अंधाऱ्या गल्लीइतकाच उजेडातल्या घराचा प्रश्न आहे. २०२२ मध्ये देशात २८,५२२ खून झाले; त्याच वर्षी रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांवर माणसे गेली. समृद्धी महामार्ग आणि त्याला जोडणारे रस्ते ज्या जिल्ह्यातून जातात, तिथे संध्याकाळी घरी न परतण्याचे कारण चोर असण्याची शक्यता कमीच.

नकाशा आला तर वस्त्या बदनाम होणार नाहीत?

हा आक्षेप खरा आहे. चोरी झाली की पहिली गाडी पारध्यांच्या पालावर जाते, ही सवय १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याइतकी जुनी आहे. १९५२ मध्ये तो कायदा गेला, सवय राहिली. कुंडलिकेच्या अलीकडे-पलीकडे, अमुक मोहल्ला, तमुक नगर असे शिक्के आताही बसतातच, आणि तेही आकड्यांशिवाय. म्हणून नकाशात गुन्हा कुठे घडला तेवढेच असावे. संशयित कुठे राहतो, कोण आहे, याचा मागमूसही नसावा. कौटुंबिक आणि लैंगिक गुन्ह्यांची जागा तर अजिबात नको. एवढे पाळले, तर बहुधा असे दिसेल, की पाकीटमारी गर्दीच्या ठिकाणी होते, घरफोडी कुलूपबंद नव्या वसाहतींत होते, आणि ज्या वस्तीला लोक नाके मुरडतात तिथलीच माणसे जास्त लुटली जातात.

तोवर हातात काय आहे?

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार, संवेदनशील प्रकरणे वगळता प्रथम खबर अहवाल संकेतस्थळावर टाकावे लागतात. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर जिल्हा आणि ठाणे निवडून ते पाहता येतात. किचकट आहे, पण आपल्या ठाण्यात महिनाभरात काय नोंदले गेले, याचा अंदाज येतो.

दखलपात्र गुन्ह्याची खबर दिली, तर तो नोंदवणे बंधनकारक आहे, असे ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्येच ठरले. 'ही आमची हद्द नाही' हे उत्तर आता कायद्याने चालत नाही. कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. ऑनलाइन खबर दिली, तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. अहवालाची प्रत फुकट मिळते. नकार मिळाला, तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी, आणि तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. आणि मोबाईल चोरीला गेला असेल, तर अर्जात 'गहाळ' हा शब्द लिहू नये.

जालना महापालिकेला पथदिवे कुठे लावायचे, याचा निर्णय आज नगरसेवकाच्या आग्रहावर आणि निधीच्या शीर्षावर होतो. पोलिसांना रात्रीची गस्त कुठे वाढवायची, हे बीट अंमलदाराच्या अनुभवावर ठरते. दोन्ही कार्यालयांनी दर तीन महिन्यांनी प्रभागनिहाय एक पान जरी प्रसिद्ध केले, किती तक्रारी आल्या, त्यातल्या किती गुन्हे म्हणून नोंदल्या, किती एनसी झाल्या, किती गहाळ लिहिल्या, तरी अंबड चौफुलीवर दिवा हवा की औद्योगिक वसाहतीच्या मागच्या रस्त्यावर, हे भांडण निदान कागद समोर ठेवून होईल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही आणि वेगळा निधीही लागत नाही.