भंगाराचा भाव कोण चुकवतो?

फरीदाबादहून निघणारी मेट्रोची जांभळी मार्गिका नेहरू प्लेसवरून जाते. संगणक आणि त्याचे सुटे भाग यांचा दिल्लीतील हा प्रसिद्ध बाजार. हीच मार्गिका काश्मिरी गेटला संपते. तेथून लाल मार्गिकेवर दुसरे स्थानक सीलमपूरचे. निकामी संगणक फोडून त्यातील तांबे आणि अन्य धातू वेगळे काढणारी वस्ती म्हणून सीलमपूर देशभर परिचित आहे. संगणक विकत कुठे मिळतो आणि अखेर कुठे जातो, हे फरीदाबादच्या नागरिकाला एकाच तिकिटात पाहता येते. मधली काही वर्षे मात्र तो घरच्या माळ्यावर पडून असतो.

या साठवणुकीला केवळ आळस म्हणणे अन्यायाचे होईल. फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांनी फरीदाबादची नवी वसाहत आपल्या श्रमांनी उभारली. सर्वस्व मागे ठेवून आलेल्यांच्या घरांत वस्तू सहज फेकल्या जात नाहीत. महाराष्ट्रातही दसऱ्याला संगणकाला हळदकुंकू वाहिले जाते. पूजलेली वस्तू कचरा ठरवताना हात अडखळतोच. परंतु संगणक म्हणजे तांब्या-पितळेचे भांडे नव्हे. वेळीच दिलेला रॅम किंवा मॉनिटर एखाद्या विद्यार्थ्याच्या कामी आला असता. पाच वर्षांनी त्याला केवळ वजनाचा भाव उरतो. काटकसरीपोटी जपलेली वस्तू अशी वाया जाते.

मग दिवाळीची साफसफाई येते आणि दारात कबाडी. युरोपातील अनेक देशांत नागरिक जुनी उपकरणे संकलन केंद्रावर विनामोबदला सोडून येतात. आपल्याकडे जो भंगार नेतो त्यानेच पैसे मोजावेत, असा दृढ संकेत आहे. कबाडी जिने चढतो, ओझे उचलतो आणि रोख रक्कम देतो. व्यवहार तिथेच संपला, असे आपण मानतो. पुढे तारांचे आवरण उघड्यावर जाळले जाते, सर्किट बोर्ड आम्लात बुडवले जातात, जुन्या काचेच्या मॉनिटरमधील शिसे माती-पाण्यात मिसळते. हे काम करणाऱ्यांच्या हातात अनेकदा मोजेही नसतात. नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राला सुरक्षेवर खर्च करावा लागतो. तो खर्च टाळणाराच आपल्याला चार पैसे अधिक देऊ शकतो.

दानाची गोष्टही फारशी निराळी नाही. बंद पडलेला संगणक शाळेला किंवा घरकामाला येणाऱ्या बाईंना ‘देऊन टाकला’ जातो. घेणाऱ्याला नाही म्हणता येत नाही आणि देणाऱ्याला पुण्य लाभते. कठोपनिषदात वाजश्रवसाने दूध आटलेल्या गायी दान केल्या, तेव्हा त्याच्याच मुलाला, नचिकेताला, ते खटकले. नादुरुस्त यंत्राच्या दानाला तोच निकष लावायला हवा.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी निर्मात्या कंपन्यांवर पुनर्चक्रणाची उद्दिष्टे घातली आहेत. प्रारंभी ६० टक्के असलेले हे प्रमाण २०२७-२८ पासून ८० टक्के होईल. मोठ्या कार्यालयांनी आपला ई-कचरा नोंदणीकृत यंत्रणेकडेच सोपवणे बंधनकारक आहे. मात्र या नियमांत नोंदणी आहे ती उत्पादक, निर्माते, नूतनीकरण करणारे आणि पुनर्चक्रणकार यांची. ज्याच्या हातगाडीवरून घराघरांतील माल प्रत्यक्षात जातो, तो कबाडी या चौकटीबाहेरच राहिला. पुनर्चक्रणाच्या प्रमाणपत्रांना केंद्राने किमान दर ठरवला, तर काही बड्या कंपन्या त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. सुरक्षित पुनर्चक्रणाचा खर्च आपल्यावर नको, याबाबत कंपनी आणि ग्राहक यांचे असे एकमत दिसते.

कबाड्याला हटवून हा प्रश्न सुटणार नाही. घरोघरी पोहोचणारी दुसरी यंत्रणा आपल्याकडे नाही. महापालिका आणि रहिवासी संघांनी त्याला ओळखपत्र द्यावे, नोंदणीकृत केंद्रांनी त्याच्याकडून अखंड यंत्र रास्त दराने विकत घ्यावे आणि त्यातील फरक निर्मात्यांनी सोसावा. म्हणजे संकलनाची मिळकत त्याच्याकडे राहील आणि जाळणे, आम्लात बुडवणे बंद होईल. नागरिकाचे कर्तव्य याहून सोपे आहे : चालू यंत्र चालू असतानाच, हार्ड डिस्कवरील माहिती पुसून, गरजूला द्यावे, आणि बंद पडलेल्याचे थोडे कमी पैसे आले तरी ते कुठे जाणार, हे विचारूनच दाराबाहेर काढावे.