अन्याय जुनाच, मग आंदोलन तेव्हाच का?

२६ जानेवारी २०१६ रोजी शनिशिंगणापूरच्या शनिदेवाच्या चौथऱ्याकडे निघालेल्या भूमाता ब्रिगेड या संघटनेच्या महिलांना पोलिसांनी नगर-पुणे रस्त्यावर सुप्याजवळ अडवलं. त्या पुढे आल्या असत्या, तर वाटेत आपलं केडगाव लागलं असतं. त्या आंदोलनाविषयी आपल्या भागात आजही ‘प्रसिद्धीसाठी केलं’ एवढंच बोललं जातं. मला हे मान्य नाही.

१. अन्याय असह्य झाला की लोक रस्त्यावर येतात, ही जुनी समजूत. पण बायकांनी चौथऱ्यावर जाण्याची बंदी काही २०१६ साली आलेली नव्हती. २००० च्या सुमारास डॉ. नरेंद्र दाभोलकर, प्रा. एन. डी. पाटील, डॉ. श्रीराम लागू यांनी याच प्रश्नावर चळवळ केली होती. चौथरा तेव्हा उघडला नाही. चीड दोन्ही वेळी होती. नुसत्या चिडीने फरक समजत नाही.

२. डग मॅकॅडम या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्याचा अभ्यास करून १९८२ मध्ये तीन गोष्टी सांगितल्या: राजकीय संधी, लोकांची आपली संघटना आणि ‘हे बदलू शकतं’ ही जाणीव. २०१६ मध्ये संधी होती. विद्या बाळ आणि ॲड. नीलिमा वर्तक यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १ एप्रिलला १९५६ च्या मंदिरप्रवेश कायद्याची अंमलबजावणी करायला सरकारला बजावलं. तरी दुसऱ्याच दिवशी महिलांना गावात अडवलं गेलं. चौथरा उघडला ८ एप्रिलला, पाडव्याच्या दिवशी.

३. जाणीवही होती. नोव्हेंबर २०१५ मध्ये एक तरुणी चौथऱ्यावर चढली आणि मागोमाग शुद्धीकरण झालं. त्या शुद्धीकरणाने प्रश्न घराघरांत नेला, असं मला वाटतं. बाईच्या स्पर्शाने देव बाटतो का, याचं उत्तर मग प्रत्येकाला द्यावं लागलं.

४. कमी पडली ती संघटना. संघटनेने काय फरक पडतो, हे अमेरिकेतल्या त्याच लढ्यात दिसतं. माँटगोमेरी शहरात मार्च १९५५ मध्ये पंधरा वर्षांच्या क्लॉडेट कोल्विनला गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडली नाही म्हणून अटक झाली. तेव्हा बसवर बहिष्कार उभा राहिला नाही. १ डिसेंबरला त्याच कारणावरून रोझा पार्क्सना अटक झाली आणि मग बहिष्कार सुरू झाला, तो ३८१ दिवस चालला. मधल्या काळात तिथल्या बायकांची राजकीय संघटना तयारीत होती. तिच्या जो ॲन रॉबिन्सन यांनी एका रात्रीत हजारो पत्रकं काढली. चर्चमध्ये सभा भरल्या, वर्गणी जमली, कामावर जाणाऱ्यांसाठी गाड्यांची सोय झाली. समाजशास्त्रज्ञ ॲल्डन मॉरिस यांनी नेमकं हेच दाखवलं: लढ्याचं बळ स्थानिक संस्थांतून आलं.

शिंगणापूरच्या वेळी बायका मुख्यतः बाहेरून आल्या आणि गावातल्या अनेक बायका त्यांना अडवायला उभ्या राहिल्या. त्याच जानेवारीत देवस्थानच्या अध्यक्षपदी प्रथमच महिला निवडली गेली, तरी विश्वस्त मंडळाची भूमिका लगेच बदलली नाही. पद मिळालं, पण त्यामागे बायकांची मागणी संघटित नव्हती.

५. संघटना आपल्याकडे नाही असं नाही. केडगावात बचत गट आहेत, भजनी मंडळं आहेत. नवरात्रात रेणुकामातेला बायकांची रीघ लागते. पण या गटांना, मंडळांना आपण हक्कांच्या कामाचं मानतच नाही.

६. म्हणून मागणी: परिसरातल्या प्रत्येक देवस्थानाच्या विश्वस्त मंडळात निम्म्या जागा बायकांना हव्यात, आणि त्यांची नावं बचत गटांनी, महिला मंडळांनी ठरवावीत. जिथे नियमावली बदलायला धर्मादाय कार्यालयाची मंजुरी लागत असेल, तिथे त्या कार्यालयाकडे अर्ज करावा. पहिल्या अर्जावरच्या सह्या येत्या नवरात्राआधी गोळा व्हाव्यात.