डोंगराचं नाव कागदावर नसेल, तर हक्क कसा सांगणार?

बुलढाणा : नावबदल म्हटलं की आपल्याकडं चर्चा शहरांची होते. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, पुढं अहमदनगरचं अहिल्यानगर. पण डोंगराच्या नावावरूनही राजकारण होतं. अमेरिकेतल्या सगळ्यात उंच शिखराला अलास्काचे मूळ रहिवासी 'देनाली' म्हणत आले. सरकारनं मात्र त्याला मॅकिन्ली या राष्ट्राध्यक्षांचं नाव दिलं. २०१५ मध्ये ओबामा सरकारनं 'देनाली' परत आणलं, तर जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी पुन्हा 'मॅकिन्ली' करायचा आदेश काढला. डोंगर जागेवरच आहे, पण तो कोणाचा म्हणायचा हा वाद सुरू आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडं बघू.

नावात इतिहास आहे

'बुलढाणा' हे नाव 'भिल्लठाणा' म्हणजे भिल्लांचं ठाणं यावरून आलं, असं मानलं जातं. म्हणजे जिल्ह्याच्या नावातच डोंगरातल्या माणसांची आठवण आहे. शहर ज्या रांगेवर वसलंय, तिला नकाशात अजिंठा म्हणतात. हे नाव शेजारच्या सिल्लोड तालुक्यातल्या अजिंठा गावाचं. आपण मात्र बोलताना नुसतं 'घाट' म्हणतो. चिखली, मेहकर, लोणार घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव घाटाखाली. वऱ्हाडच्या जुन्या कारभारातही बालाघाट आणि पायनघाट असेच भाग होते.

उत्तरेला सातपुडा. सात पुडे, म्हणजे सात घड्या पडल्यासारखा डोंगर, असा त्याचा अर्थ सांगतात. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यात भिंगारा, चाळीसटापरी अशी आदिवासी गावं आहेत. 'चाळीसटापरी' या नावातच वस्तीची कहाणी आहे.

ही झाली मोठी नावं. पण प्रत्येक टेकडीला, खोऱ्याला, झऱ्याला, देवाच्या झाडाला गावात वेगळं नाव असतं. ते ना मोबाईलच्या नकाशात सापडतं, ना सातबाऱ्यावर. वनखात्याच्या कागदावर तोच डोंगर 'कक्ष क्रमांक' असतो.

फरक कुठं पडतो?

वनहक्क कायदा २००६ चा, त्याचे नियम २००८ चे. दावा आला की गावाच्या वनहक्क समितीला जागेवर जाऊन पडताळणी करावी लागते आणि ओळखीच्या खुणा दाखवणारा नकाशा तयार करावा लागतो. चराईच्या जागा, पाणवठे, देवराई, पवित्र झाडं, स्मशानभूमी हे सगळं पुरावा म्हणून चालतं. गावातल्या म्हाताऱ्या माणसांचं लेखी म्हणणंही चालतं, फक्त ते स्वतः दावेदार नसावेत. एकापेक्षा जास्त पुरावे लागतात. म्हणजे नुसतं नाव सांगून हक्क मिळत नाही. पण नावच माहीत नसेल तर खूण कशी दाखवणार? अन् कोणत्या पाणवठ्याबद्दल जबाब देणार?

आदिवासी नसलेल्या वननिवासींना तर १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. इतकी जुनी माहिती बऱ्याचदा कागदात नसते, म्हाताऱ्यांच्या डोक्यात असते. ती पिढी आता थकत चाललीय. पोरं शिक्षणाला, कामाला बाहेर गेली, गुरं चारायला डोंगरात जाणारे कमी झाले, की नावंही विसरली जातात.

गावानं काय करावं?

यासाठी सरकारी आदेशाची वाट बघायची गरज नाही. जुन्या गुराख्यांना, आजी-आजोबांना सोबत घ्या. डोंगर, नाला, झरा, देवस्थान यांची नावं त्यांच्याच बोलीत लिहून घ्या. कोरकू नाव असेल तर तेच लिहा, त्याचं मराठी करत बसू नका. मोबाईलवर त्यांचा आवाज रेकॉर्ड करा, जागेचा फोटो आणि लोकेशन ठेवा. मग ही यादी ग्रामसभेत वाचून इतिवृत्तात नोंदवा.

शहराचं नाव बदललं तर निदान गाजावाजा होतो. गावच्या टेकडीचं नाव गेलं तर कोणाला कळतही नाही. कळतं ते थेट दाव्याच्या दिवशी, अन् तेव्हा सांगणारं माणूस गावात असेलच असं नाही.